वसलेला आर्क्टिक: एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

१९०३ साली पुण्याहून लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि उत्तर ध्रुवाचा प्रदेश मराठी विद्वानांच्या चर्चेत आला. ऋग्वेदातल्या उषासूक्तांतली पहाट फार लांबलेली दिसते, देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष असे जुने ग्रंथ सांगतात, पारशांच्या वेंदिदादमध्ये दहा महिन्यांच्या हिवाळ्याचा उल्लेख येतो. या सगळ्याची संगती लावताना वैदिक लोकांचे मूळ घर ध्रुवाजवळ असावे, असे टिळकांनी मांडले. आजचे संशोधन हा निष्कर्ष स्वीकारत नाही. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले आणि ऋग्वेदाच्या भाषेचा काळ अभ्यासक त्याच्या कितीतरी अलीकडे धरतात. तरीही टिळकांची एक दृष्टी या विषयाच्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावी. आकाश, ऋतू आणि माणसाचे बोलणे यांना त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले नाही. जिथे सूर्य महिनोन्‌महिने वर येत नाही, तिथल्या माणसाच्या तोंडी पहाटेचे वर्णन कसे येईल, हा त्यांचा प्रश्न अस्सल भूगोलाचा होता.

टिळक त्या प्रदेशाचा हजारो वर्षांपूर्वीचा काळ शोधत होते. त्यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी स्वीडनमधल्या किरुना गावचे लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात नेणाऱ्या रेल्वेमार्गाचे उद्‌घाटन झाले. तो मार्ग ज्या माळांमधून गेला, तिथे सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअरचे कळप चारत होते. खाण, रेल्वे, कळप आणि कळपामागून चालणारी माणसे असलेला हा आर्क्टिक आजचा आहे, वसलेला आहे, आणि या प्रस्तावनेचा विषय तोच आहे. बर्फाचा ओसाड विस्तार म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय सोडली, की या अभ्यासाचे दार उघडते.

पहिला प्रश्न सीमेचा. ६६ अंश ३३ मिनिटे या उत्तर अक्षांशाच्या पलीकडे वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि निदान एक दिवस उगवत नाही. ही झाली खगोलाची सीमा. हवामानाचे अभ्यासक जुलैचे सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहते तिथून आर्क्टिक मोजतात. वनस्पतीशास्त्रज्ञ उंच झाडे संपतात ती रेषा धरतात. या तिन्ही रेषा नकाशावर एकमेकींना सोडून जातात आणि तिन्ही आपापल्या कामापुरत्या बरोबर आहेत. रशिया, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, कॅनडा, अमेरिका आणि ग्रीनलंडमुळे डेन्मार्क, अशा आठ देशांत हा प्रदेश विभागलेला आहे. तिथे सुमारे ४० लाख लोक राहतात. त्यांतले साधारण दहा टक्के मूलनिवासी आहेत: सामी, नेनेत्स, इनुइट, चुकची आणि इतर. जुन्या पुस्तकांत सामींसाठी ‘लॅप’ आणि इनुइटांसाठी ‘एस्किमो’ ही नावे भेटतील. आज लिहिताना त्या लोकांनी स्वतःसाठी घेतलेली नावे वापरावीत.

असा दूरचा प्रदेश वाचायचा कसा? मी ज्या शिवारात बसून हे लिहितो, त्या कासूकडून याची रीत शिकता येते. पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी पेण सोडून कासू-नागोठण्याच्या टापूत शिरते, तेव्हा एका अंगाला डोंगर दिसतात आणि दुसऱ्या अंगाला अंबा नदी आणि धरमतर खाडीच्या बाजूची सखल खारजमीन. बांध भरतीचे पाणी अडवतो. बांधातले उघाडीचे दार ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरती लागली की मिटते. पावसाचे पहिले पाणी मातीतले मीठ धुऊन काढते, तेव्हा कुठे भात धरतो. बांधाला खांड पडली तर सगळ्या खाराचे पीक जाते, म्हणून बांधाची राखण गावकीने करायची. पुढे १९४८च्या खारजमीन कायद्याने सरकार या कामात उतरले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मिठाला टिकणारे भाताचे वाण दिले. डोलवी-नागोठण्याला मोठे कारखाने आले. २००८ साली पेण तालुक्यातल्या २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का, यावर शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. भरतीच्या पाण्यापासून निघालेला माणूस असा पीक, गावकी, कायदा आणि कारखाना या वाटेने थेट हक्काच्या प्रश्नापर्यंत येतो. मधला एक दुवा गाळला तरी कासू समजत नाही. आर्क्टिकलाही हेच प्रश्न याच क्रमाने विचारावे लागतात.

तिथे आरंभ होतो तो गोठलेल्या जमिनीपासून. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्याखाली राहिलेल्या भूमीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिचा वरचा थर थोडासा वितळतो. खालचा थर गोठलेलाच असल्याने पाणी मुरत नाही आणि माळावर तळी व दलदल साचते. पेण-रोह्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आर्क्टिकच्या मोठ्या भागात पाऊस आणि हिम मिळून अडीचशे मिलिमीटरही भरत नाही. तरी तिथली जमीन उन्हाळ्यात ओलीचिंब असते, ती या न मुरणाऱ्या पाण्यामुळे. घरे, नळ, रस्ते सगळे या जमिनीच्या भरवशावर उभे असते. म्हणून गावोगावी इमारती खांबांवर उचलून बांधलेल्या दिसतात, घरातली ऊब खाली उतरून पायाच वितळू नये यासाठी.

नुसत्या अक्षांशावरून एखाद्या ठिकाणचे नशीब ठरत नाही, हेही इथे शिकायला मिळते. रशियाचे मुरमान्स्क हे आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडचे सर्वांत मोठे शहर. ते ६९ अंशांवर आहे, तरी अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे त्याचे बंदर हिवाळ्यातही खुले राहते. कॅनडाचा हडसनचा उपसागर त्याच्या पुष्कळ दक्षिणेला असून वर्षातले कित्येक महिने गोठलेला असतो. हा गोठलेला समुद्र दर्यावर्दी माणसाला अडथळा वाटतो, पण इनुइट शिकाऱ्याला तो रस्ता आहे. त्यावरून कुत्र्यांची घसरगाडी धावते, सीलची शिकार होते, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला पाहुणे जातात. बर्फ उशिरा धरला आणि लवकर फुटला की हा रस्ता बंद पडतो. नकाशावर जो भाग पाणी म्हणून निळा रंगवलेला असतो, तो वर्षाचे काही महिने त्यांच्या गावशिवाराचाच भाग असतो.

इथून वळायचे ते उपजीविकेकडे. रेनडिअर हिवाळ्यात बर्फाखालचे शैवाक उकरून खातो; आपल्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच. उन्हाळ्यात तो किनाऱ्याच्या किंवा डोंगराच्या हिरव्या चाऱ्याकडे जातो. ऋतूप्रमाणे होणाऱ्या या स्थलांतराभोवती सामींची ‘सीदा’ ही सामायिक चराईची संस्था उभी आहे. कोणत्या कुटुंबांचे कळप एकत्र चरतील, कोण कुठल्या वाटेने जाईल, हे तिच्यात ठरते. आज सामींपैकी साधारण दहावा हिस्साच रेनडिअरवर जगतो. बाकीचे मासेमारीत, शाळांत, कार्यालयांत, खाणींत आणि दक्षिणेकडच्या शहरांत आहेत. तरीही जमिनीवरचा हक्क, भाषा आणि कायदा यांची चर्चा कळपापाशी येतेच, कारण जमिनीचा वहिवाटी उपयोग त्या पायवाटांनी दाखवता येतो. पूर्वेला रशियाच्या यमाल द्वीपकल्पावर नेनेत्स कुटुंबे कातड्याच्या तंबूंसह शेकडो किलोमीटर चालतात. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये तिथे हिमावर पाऊस पडला, तो गोठून चाऱ्यावर बर्फाचे जाड कवच बसले आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. थंडी कमी झाली म्हणजे थंड प्रदेशातले जगणे सोपे झाले, हा समज या एका घटनेने दूर होतो.

मासे हा दुसरा आधार. जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा विणीसाठी नॉर्वेच्या लोफोतेन बेटांकडे येतो. तो मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात सुकवतात आणि इटली-नायजेरियापर्यंत विकतात. ग्रीनलंडच्या निर्यातीत कोळंबी आणि मासळीचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरच्या या बेटाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग हिमाच्या थराखाली असून वस्ती ५६-५७ हजारांचीच आहे. डेन्मार्कच्या वार्षिक अनुदानावर तिथल्या सरकारच्या खर्चाचा मोठा भाग चालतो. मासळीवरचा अधिकार इतका कळीचा, की १९८२ साली सार्वमत घेऊन ग्रीनलंडने १९८५ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय सोडला.

तिसरा आधार खनिजांचा आणि त्यात पैसा सर्वांत मोठा. किरुनाच्या खाणीने जमिनीखालचा भाग इतका पोखरला, की गावच हलवावे लागत आहे; २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथले लाकडी चर्च अखंड उचलून नव्या जागी नेण्यात आले. अलास्कात १९६८ साली प्रूडो बे येथे तेल सापडले. त्यानंतर १९७१ मध्ये तिथल्या मूलनिवासींच्या जमिनीच्या दाव्यांवर कायदा झाला आणि १९७७ मध्ये तेलवाहिनी सुरू झाली. यमालमधला द्रवरूप नैसर्गिक वायू २०१७च्या डिसेंबरपासून जहाजांनी जगभर जाऊ लागला. २०२० मध्ये रशियाच्या नोरिल्स्क शहरात इंधनाची टाकी खचून वीस हजार टनांच्या आसपास डिझेल नद्यांत आणि जमिनीत गेले. या प्रदेशातल्या अनेक मूलनिवासी कुटुंबांचे घर एकाच वेळी शिकार-मासेमारी, पगार आणि सरकारी मदत या तिन्हींवर चालते. ‘परंपरा’ आणि ‘आधुनिकता’ अशा दोन पेट्या करून हे अर्थकारण मांडता येत नाही.

संस्कृतीच्या अभ्यासात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: तिथल्या लोकांनी स्वतः काय लिहिले ते आधी पाहावे. ग्रीनलंडच्या नूक येथे १८६१ साली ‘अतुआगाग्दलिउतित’ हे ग्रीनलंडी भाषेतले नियतकालिक सुरू झाले, म्हणजे ‘केसरी’च्या वीस वर्षे आधी. शिकारी, धर्मोपदेशक, शिक्षक त्यात आपले अनुभव लिहीत. १९१० मध्ये योहान तुरी या सामी शिकाऱ्याने आपल्या लोकांच्या जीवनाचे पुस्तक सामी भाषेत प्रसिद्ध केले; त्या भाषेतले ते पहिले धर्मेतर पुस्तक मानले जाते. त्याला एमिली देमांत या डॅनिश चित्रकर्तीने साहाय्य केले. कळपाची काळजी, लांडग्याची चाल, औषधी, गाणे आणि राज्यकर्त्यांनी केलेला अन्याय हे सारे तुरी एकाच आवाजात सांगतो.

या लोकांच्या भाषांना शाळेनेच धक्का दिला. नॉर्वेत सामी मुलांना निवासी शाळांत घालून फक्त नॉर्वेजियन बोलायला लावण्याचे धोरण अनेक दशके चालले. या धोरणाची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपला अहवाल २०२३च्या जूनमध्ये नॉर्वेच्या संसदेला दिला. सामींचे ‘योइक’ हे गाणे काही मिशनऱ्यांनी पाप ठरवले, त्यांचे ढोल जप्त करून जाळले. तरी योइक टिकला आणि आज सभागृहांत गायला जातो. १९८९ साली नॉर्वेत सामी संसद सुरू झाली आणि त्याच वर्षी काउतोकेइनो येथे सामी भाषेतून उच्च शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. ग्रीनलंडने २००९च्या स्वशासन कायद्यानंतर आपली भाषा हीच राजभाषा केली. मातृभाषेतून ज्ञान द्यावे की नाही, याचा वाद दीडशे वर्षे ऐकत आलेल्या मराठी वाचकाने हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

सामी संसद अशी सहज मिळाली नाही. आल्ता-काउतोकेइनो नदीवर धरण बांधण्याच्या योजनेच्या पहिल्या आराखड्यात मासी हे सामी गाव बुडणार होते; पुढे आराखडा लहान होऊन गाव वाचले. उरलेल्या योजनेविरुद्ध १९७९ पासून सामी आणि पर्यावरणवादी कार्यकर्त्यांनी रस्ते अडवले, ऑस्लोत संसदेसमोर उपोषण केले. धरण शेवटी झाले. तरी सामींचे हक्क हा राष्ट्रीय प्रश्न बनला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन द्वीपकल्पावरच्या पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग करतात, असा निकाल दिला. धरण असो, पवनचक्की असो, की पेणचे आर्थिक क्षेत्र असो, ज्यांच्या पायाखालची जमीन जाणार त्यांच्या संमतीचे मोल किती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच धारदार आहे.

या विषयाला सव्वाशेहून अधिक वर्षांची विद्वत्‌परंपरा आहे. फ्रान्झ बोआस १८८३ मध्ये बॅफिन बेटावर गेला तो भूगोलाचा अभ्यासक म्हणून. इनुइटांबरोबर हिवाळा काढल्यावर, माणूस आपला परिसर कसा जाणतो या प्रश्नाने त्याला मानवशास्त्राकडे नेले. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने हिवाळ्यात एकत्र राहणारा आणि उन्हाळ्यात पांगणारा इनुइट समाज इतरांच्या वर्णनांतून अभ्यासून, ऋतूप्रमाणे समाजाची घडणच बदलते असे दाखवले. त्याचा निबंध टिळकांच्या ग्रंथानंतर दोन-तीन वर्षांतच आला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि तिथलीच भाषा बोलत वाढलेला क्नूद रास्मुसेन १९२१ ते १९२४ या काळात घसरगाडीने अलास्कापर्यंत गेला आणि वाटेतल्या वस्त्यांवर कथा-गाणी टिपत राहिला. आपल्याकडे सी. डी. देशपांडे यांनी १९४८ मध्ये पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल लिहून जमीन आणि जीवन एकत्र पाहण्याची जी शिस्त दाखवली, ती घेऊन मराठी विद्यार्थी या परंपरेत शिरू शकतो.

आपला या प्रदेशाशी व्यवहाराचा संबंधही जुना आहे. स्वालबार द्वीपसमूहाविषयीचा करार १९२० साली पॅरिसमध्ये झाला, तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारत त्यात सामील झाला. २००७ मध्ये पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम निघाली. १ जुलै २००८ रोजी स्वालबारमधल्या न्यू-ओलेसुंद या जुन्या कोळसा-गावात ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्याची सूत्रे गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. २०१३ मध्ये किरुना इथल्या बैठकीत आठ आर्क्टिक देशांच्या आर्क्टिक परिषदेने भारताला निरीक्षक म्हणून घेतले, २०१४ मध्ये न्यू-ओलेसुंदजवळच्या फ्योर्ड-खाडीत पाण्याखाली भारतीय वेधयंत्रणा बसली आणि २०२२ मध्ये भारताने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. उत्तरेकडच्या समुद्रातला बर्फ घटण्याचा आणि आपल्या मोसमी पावसाचा काय संबंध आहे, याचा शोध चालू आहे.

समुद्राच्या पातळीचा संबंध मात्र सिद्ध आहे आणि तो कासूच्या बांधाशी येऊन भिडतो. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरचा हिमथर वितळला की ती वाढते. ग्रीनलंडचा सगळा थर गेला तर जगाचा समुद्र सुमारे सात मीटर चढेल. त्याला शतकेच्या शतके लागतील, पण आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. त्यात गुरुत्वाकर्षणाचा एक नियम आपल्या विरुद्ध जातो. एवढा मोठा हिमथर समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो हलका झाला की त्याच्याजवळची पातळी उतरते आणि दूरच्या उष्ण समुद्रांत ती सरासरीपेक्षा थोडी अधिक चढते. उधाणाच्या भरतीला बांधाच्या माथ्याशी येणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडताना, खारजमिनीच्या अभ्यासकाला ग्रीनलंडचा भूगोल यापुढे टाळता येणार नाही.

नव्या विद्यार्थ्याला माझे सांगणे थोडे आहे. ध्रुव मध्यभागी असलेला नकाशा समोर ठेवा. नेहमीच्या भिंतीवरच्या नकाशात हा प्रदेश ताणलेला आणि कडेला फेकलेला दिसतो. एक छोटा टापू निवडा, सगळा आर्क्टिक एकदम कवेत घेऊ नका. शास्त्रज्ञाच्या मोजमापाशेजारी कळप राखणाऱ्याची आणि मासे धरणाऱ्याची साक्ष ठेवा, आणि दोन्ही तितक्याच कसोशीने तपासा. शोधयात्रांच्या शौर्यकथा वाचा, पण त्या यात्रिकांना कपडे, कुत्री, अन्न आणि वाट कोणी दिली, तेही विचारा.

मराठीत करण्यासारखे काम पुष्कळ पडले आहे. योहान तुरीचे पुस्तक आपल्या भाषेत यायला हवे. ग्रीनलंडी नियतकालिकांचा आणि मराठी नियतकालिकांचा आरंभकाळ शेजारी ठेवून पाहायला हवा. सीदा आणि गावकी, आल्ता आणि पेण यांचा तौलनिक अभ्यास व्हायला हवा. यासाठी सगळ्यांनी हिमाद्रीपर्यंत जाण्याची गरज नाही. गोवा आणि पुण्याच्या संशोधन संस्था जवळ आहेत आणि खारजमिनीच्या बांधावर उभे राहून विचारलेले प्रश्न तिकडे उपयोगी पडतात. ज्याला जमीन, पाणी आणि माणूस एकत्र पाहण्याची आवड आहे, त्याचे या अभ्यासात मनापासून स्वागत आहे. एक टापू, एक लोकसमूह आणि एक नेमका प्रश्न निवडून त्याने कामाला लागावे.

कासू, ता. पेण, जि. रायगड